उत्तमचा पुढचा दात

चाळीतल्या शेवंताच्या लग्नात कालिंदीनं कुणाचंही वाईट चिंतलं नव्हतं. नवरदेवाची मावशी उन्हात उभी होती, तिला बसायला काहीतरी हवं होतं, म्हणून कालिंदी मांडवाच्या कडेला गेली, एक घडीची लोखंडी खुर्ची उचलली आणि गर्रकन वळली. नायगावच्या बीडीडी चाळींमधलं ते मैदान तसं ऐसपैस. पण वरात नुकती दारात आली होती आणि ब्रास बँड नेमका तिच्या पाठीशी येऊन ठेपला होता. खुर्चीचा पाय पहिल्या रांगेतल्या क्लॅरिनेटवर आदळला. क्लॅरिनेट अर्थातच वाजवणाऱ्याच्या तोंडात होती. सूर मध्येच तुटला... आणि सुराबरोबर आणखीही काहीतरी तुटलं.

"आई गं!" हे तो नाही, कालिंदीच ओरडली.

निळा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि झालरीच्या वर एक सावळा, गोंधळलेला चेहरा. त्यानं तोंडावरचा हात बाजूला केला. तळहातावर दाताचा पांढरा तुकडा होता.

"थांबा, हलू नका. आ करा."

"आं?"

"आ करा म्हणते ना! मी दातांची डॉक्टर आहे."

त्यानं एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "असं होय," तो म्हणाला, आणि त्या फटीतून त्याचा शब्द शीळ घालत बाहेर आला. "पेशंट असे गोळा करता काय तुम्ही?"

आजूबाजूचे हसले. कालिंदीला हसावं की रडावं कळेना. तिनं त्याची हनुवटी धरली, उन्हाकडे वळवली. वरचा, पुढचा, उजवीकडचा दात. एक कोपरा तिरका उडाला होता, पण आतली नस वाचली होती. तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि मग तिच्या लक्षात आलं, की भर मांडवात, दोनशे वऱ्हाडी बघत असताना, आपण एका परक्या पुरुषाची हनुवटी धरून उभ्या आहोत... आणि तोही हनुवटी सोडवून घेण्याची अजिबात घाई करत नाहीये.

"उद्या सकाळी परळला या," ती घाईघाईनं हात मागे घेत म्हणाली. "डॉक्टर परेरांचा दवाखाना. मी तुमचा दात नीट करून देईन. अगदी होता तसा."

"आणि हिला?" त्यानं क्लॅरिनेट उचलून दाखवली.

"तिला काय झालं?"

"तिला काय नाय झालं. पण माझ्या दाताशिवाय ती बोलत नाय ना."

हा उत्तम वरळीकर. वरळी कोळीवाड्यातला. संपाआधी तो गिरणीत बदली कामगार होता. ज्या दिवशी कुणी आलं नाही त्या दिवशी काम, नाहीतर फाटकावरून परत. मग संप झाला, भोंगा थांबला, आणि बदलीची वाट बघणंही संपलं. बापाची होडी थोरल्या भावाच्या हातात गेली होती. उत्तमच्या हातात राहिली ती क्लॅरिनेट. दगडू मास्तरांच्या बँडमध्ये तो शेवटच्या रांगेतून पहिल्या रांगेत आला तो केवळ श्वासाच्या आणि बोटांच्या जोरावर. मास्तर आता थकले होते. येत्या नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ घेऊन कोळीवाडा समुद्रावर निघेल, तेव्हा पुढे जो वाजवेल तो बँडचा नवा मास्तर, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. सगळे उत्तमचंच नाव घेत होते. आता सगळे त्याच्या दाताकडे बघत होते.

कालिंदीला हे दुसऱ्या दिवशी कळलं. संपानं घरं कशी बसतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिचे बाबा, रामचंद्र परब, विणकर होते. आता दादरला एका सोसायटीच्या फाटकावर खुर्ची टाकून बसत. आईनं खाणावळीच्या पोळ्या लाटून कालिंदीला डॉक्टर केलं होतं. कष्टाच्या माणसाच्या हातचं एकुलतं एक कसब, आणि ते आपण खुर्ची मारून घालवलं...

उत्तम एकटा आला नव्हता. त्याची आई गुणवंती बरोबर होती. केसांत अबोलीचा गजरा, काखेत मासळीची पाटी, आणि नजर अशी की कालिंदीला आपला ॲप्रन चुरगळलेला आहे हे लगेच आठवलं.

"सोन्याचा बसव गो बाय," गुणवंतीनं हुकूम सोडला. "पोराचं लगीन व्हायचं हाय. जरा चमकला पायजे."

"आये, सोनं नाय चालत," उत्तम म्हणाला. "आमच्या मास्तरांचा हाय ना सोन्याचा. वाजवलं की डोक्यात झिणझिणतं म्हणतात. वरचे दात क्लॅरिनेटवर टेकवूनच वाजवायचं असतं ना."

"सोनं नको, धातूच नको," कालिंदी म्हणाली. "पोर्सलीनची कॅप करू. चिनी मातीची. असा दात करीन, की कुठला खरा, कुठला खोटा, तुम्हालाही कळणार नाही मावशी."

डॉक्टर परेरा त्या आठवड्यात वसईला, भाचीच्या लग्नाला गेले होते. दवाखाना कालिंदीच्या एकटीच्या हाती होता. पद्धत तिला तोंडपाठ होती. दात चहूबाजूंनी घासून लहान करायचा, त्याचा ठसा घ्यायचा, ठसा गिरगावात ठाकूरद्वारला जगदीशच्या लॅबमध्ये पाठवायचा. तिथं जगदीश पोर्सलीनची पूड थरावर थर देऊन भट्टीत भाजणार, आणि तयार झालेली कॅप त्या घासलेल्या दातावर चढवायची. दात किती घासायचा, कडा कशा गोल करायच्या, कॅपला सगळीकडे सारखी जाडी मिळेल एवढी जागा कशी करायची, यावर तिनं परीक्षेत दोन पानं लिहिली होती.

पण परीक्षेतल्या दाताला डोळे नव्हते.

उत्तमला इंजेक्शन दिलं होतं, त्याला काही दुखत नव्हतं. तो नुसता तिच्याकडे बघत होता. शांतपणे, पूर्ण विश्वासानं. मशीनची सूंऽऽ सुरू झाली आणि कालिंदीला वाटलं, आधीच याचा अर्धा दात आपण उडवला, आता उरलेलाही आपणच खायचा? तिचा हात आखडला. पुढच्या बाजूनं तिनं जेमतेम घासलं. तुटलेल्या कडेचं टोक गोल करायचं होतं, ते तसंच राहू दिलं. बिचाऱ्याचा आहे तेवढा तरी राहू दे...

आठवड्यानं कॅप आली. दातावर चढवली तर शेजारच्या दाताच्या थोडी पुढे येत होती. येणारच, आतला दात पुरेसा लहान झालाच नव्हता. मग कालिंदीनं बाहेरून कॅपच घासली, दुसऱ्या दाताच्या ओळीत आणली, चमकवली आणि सिमेंट लावून बसवली. आरसा दिला.

उत्तम हसला. फट नव्हती, शीळ नव्हती. गुणवंतीनं त्याचं तोंड इकडून तिकडून तपासलं आणि म्हणाली, "कंचा गो खोटा?"

त्या दिवशी कालिंदी परळहून नायगावपर्यंत चालत घरी गेली आणि वाटेत दोनदा रस्ता चुकली, जिथं तिचा जन्म गेला होता तिथं.

नंतर मात्र उत्तमच्या दाताला नाना व्याधी जडल्या. कधी तो हलतोय असं वाटायचं. कधी गार लागायचा, कधी गरम. एकदा तर 'काहीच होत नाय, म्हणून भीती वाटते' अशी तक्रार घेऊन तो आला.

"काहीच होत नाही ही तक्रार असते का?" कालिंदीनं विचारलं.

"असते ना. काहीच होत नसेल तर इकडे यायचं कसं?"

"यायचं कशाला?"

"तेच तर... डॉक्टरला विचारायला आलो."

कालिंदीनं मान खाली घालून हत्यारं पुसायला घेतली. ती आधीच पुसलेली होती.

गुणवंती कधी लेकाच्या हाती पापलेट पाठवी, कधी मांदेली. डॉक्टर परेरा वसईहून परत आले होते. खोताच्या वाडीतला त्यांचा जन्म, सत्तरी गाठलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. ते पिशवीत डोकावून म्हणत, "बाय, या पेशंटला बरा करू नकोस हां." आणि चष्म्याच्या वरून कालिंदीकडे बघत. कालिंदीच्या कानाच्या पाळ्या लाल होत.

एका संध्याकाळी दवाखाना बंद करून दोघं लालबागपर्यंत चालत गेले. बंद गिरणीच्या भिंतीशी उत्तम थांबला.

"इथं उभा राहायचो. सकाळी. आज कोण नाय आला, कोण आजारी पडला, ते बघत. दुसऱ्याची जागा रिकामी झाली की मग मी आत." त्यानं भिंतीकडे पाठ केली. "बँडमध्ये तसं नाय. तिथं माझी जागा माझी आहे. म्हणून नारळी पौर्णिमा... समजतंय ना तुला?"

पहिल्यांदाच तो 'तुला' म्हणाला होता. कालिंदीला सगळं समजलं, आणि त्यातलं सगळ्यात जास्त ते 'तुला' समजलं.

आणि मग, मे महिन्यात, कोळीवाड्यातल्या एका हळदीत, ऐन गाण्याच्या भरात, कॅप फुटली.

दुसऱ्या दिवशी उत्तम दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या रुमालात तीन तुकडे होते. डॉक्टर परेरा खुर्चीपाशीच होते. त्यांनी विचारायच्या आत उत्तमनं सांगून टाकलं, "चूक माझी आहे डॉक्टर. चिंबोरी खात होतो. नांगी फोडली दातानं, आणि खटकन..."

"चिंबोरी," डॉक्टर परेरा म्हणाले.

"मोठी होती."

परेरांनी रुमाल उलगडून पाहिला. तुकडे कालिंदीच्या हातात देऊन ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. कालिंदीनं तुकडे भिंगाखाली धरले. पोर्सलीन कागदासारखं पातळ होतं. आणि तडा बाहेरून आत गेलेलाच नव्हता. तो आतून निघाला होता, जिथं तिनं दाताचं टोक तसंच ठेवलं होतं, बरोब्बर तिथून.

तिनं भिंग खाली ठेवलं. "कुठल्या दातानं फोडलीस नांगी?"

"ह्याच."

"पुढच्या?"

"हो... म्हणजे..."

"कोळ्याचा मुलगा ना तू? आणि नांगी पुढच्या दातांनी फोडतोस? दाढा काय देव्हाऱ्यात ठेवल्यास?"

उत्तमचा चेहरा बघण्यासारखा झाला. जगातला कुठलाही कोळी पुढच्या दातांनी खेकड्याची नांगी फोडत नाही, हे थाप मारताना त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मोठे डॉक्टर तुला बोलले असते," तो हळूच म्हणाला. "मला कशाला ते ऐकायचं? चिंबोरीला बोलले तर चिंबोरीला काय फरक पडतो?"

कालिंदीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. असं कुणी तिच्यासाठी कधी खोटं बोललं नव्हतं... आणि इतकं वाईट तर मुळीच नाही. ती उठली, सरळ डॉक्टर परेरांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"सर, चिंबोरी नव्हती. मीच दात कमी घासला. मला... घासवेना."

परेरांनी हातातलं काम संपवलं, पेशंटला वाटेला लावलं आणि चहाची रिकामी बशी उचलली.

"इकडे ये बाय. तू पण ये रे, वाजंत्री. दाब ही."

बशी त्यांनी टेबलावर पालथी घातली होती. कालिंदीनं तळहातानं दाबली. काही झालं नाही.

"जोर लाव."

तिनं जोर लावला. बशी तशीच.

मग परेरांनी खिडकीतल्या कुंडीतून एक टोकदार खडा आणला, तो बशीखाली असा ठेवला की बशीचा मधला भाग त्यावरच टेकला, आणि म्हणाले, "आता दाब. आधीपेक्षा हळू."

टक्क! बशीचे दोन तुकडे झाले.

"माझ्या मिसेसच्या सेटमधली होती," परेरा म्हणाले, पण चेहऱ्यावर राग नव्हता. "पोर्सलीन वजनाला भीत नाही. खालून सपाट, सारखा आधार असला तर ते तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त सोसेल. त्याला टोचणारं टोक सोसत नाही. आणि पातळपणा सोसत नाही. तू त्याचा दात वाचवायला गेलीस आणि कॅपला जागाच ठेवली नाहीस. मायेनं केलंस. पण दाताला माया कळत नाही, बाय. त्याला आकार कळतो."

"तुम्ही करा सर ही कॅप," कालिंदी म्हणाली. "मास्तर नारळी पौर्णिमेपर्यंतच थांबणार आहेत. तोवर याचा दात उभा राहिला नाही, तर बँडमधला तो दुसरा, आनंदा, पुढे वाजवेल. माझ्या हातून पुन्हा काही झालं तर..."

परेरांनी उत्तमकडे पाहिलं. "दात तुझा. बोल."

उत्तमनं विचार करायला वेळ घेतलाच नाही. "मोडला हिनं. बसवणार पण हीच."

"अरे, पण माझा हात पुन्हा आखडला तर?"

"तर मी डोळे मिटून घेईन," तो म्हणाला. "बघत होतो ना तुझ्याकडे. त्यानंच झालं ते. चूक माझीच."

परेरा खोकल्यासारखं करत आतल्या खोलीत निघून गेले.

या वेळी कालिंदीनं घाई केली नाही. सुरुवातीला जे विचारायला हवं होतं ते तिनं आता विचारलं. "तू वाजवतोस कसं? मला दाखव. क्लॅरिनेट घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तम दवाखान्याच्या खुर्चीत क्लॅरिनेट घेऊन बसला. अर्ध्या दातावर तात्पुरती प्लॅस्टिकची कॅप होती. कालिंदीनं क्लॅरिनेटच्या तोंडावर निळ्या कागदाची पट्टी गुंडाळली. दात जिथं टेकेल तिथं शाई उठणार होती.

"वाजव."

"काय वाजवू?"

"काहीही. नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे हळदीचं वाजवतो. इथं नवरी कोण?"

"उत्तम..."

"बरं, बरं."

त्यानं डोळे मिटले आणि वाजवायला लागला. हळू, खालच्या पट्टीत, लग्नाच्या गलबल्यात कुणाला ऐकू येणार नाही असं. परळच्या त्या पहिल्या मजल्यावर, औषधाच्या वासात, सूर भिंतींना लागून परत येऊ लागले. बाहेर बाकावर बसलेले पेशंट दाराशी जमले. गालाला रुमाल बांधलेल्या एका आजोबांनी रुमाल सोडून ठेवला. आतून डॉक्टर परेरा आले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. खाली रस्त्यावर बस थांबली, निघून गेली. कालिंदी उत्तमच्या अगदी जवळ वाकली होती. दात बघायला. पण दातावरून तिची नजर वर सरकली, मिटलेल्या पापण्यांवर गेली, आणि तिथंच राहिली.

आपण या माणसावर प्रेम करतो. हे तिला इतकं सरळ, इतकं स्वच्छ कळलं, की तिला त्याची भीतीसुद्धा वाटली नाही.

सूर थांबला. उत्तमनं डोळे उघडले. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर होतं.

"दिसलं?" त्यानं विचारलं.

"दिसलं," ती म्हणाली.

दातावर निळा ठिपका उठला होता. अगदी खालच्या कडेला, पुढच्या बाजूला. सगळा भार तिथं येत होता, आणि नेमकी तिथंच तिची पहिली कॅप सगळ्यात पातळ होती. पोर्सलीन जाड लागणार ते तिथं.

मग तिनं मशीन हातात घेतलं. उत्तमनं कबूल केल्याप्रमाणे डोळे मिटले. हात पुन्हा आखडू लागला, तेव्हा तिला फुटलेली बशी आठवली. ती थांबली, एक श्वास घेतला, आणि पुढे गेली. जेवढं घासायला हवं होतं तेवढं घासलं. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी जागा सगळीकडून सारखी मोकळी केली, नस सांभाळून. हिरडीच्या कडेशी कॅपला टेकायला छोटी, गोलसर पायरी केली. आणि ते टोक... ते तिनं बोटाला लागेनासं होईपर्यंत गोल केलं. परेरांनी भिंगातून पाहिलं आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्या "हं"चे अनेक अर्थ होते, पण हा चांगल्यापैकी होता.

ठसा घेऊन ती स्वतः ठाकूरद्वारला गेली. निळा ठिपका कुठं उठला होता ते जगदीशला साच्यावर बोट ठेवून दाखवलं. भट्टीतून कॅप बाहेर आली तेव्हा ती समोर उभी होती. या वेळी कॅप चढवली तर ती आपणहून ओळीत बसली. बाहेरून घासायची वेळच आली नाही.

"आता महिनाभर हळूहळू वाजवायचं," तिनं बजावलं. "रोज थोडं. आणि इथं येऊन दाखवायचं."

"रोज?"

"आठवड्यातून एकदा पुरे."

"रोज येतो," उत्तम म्हणाला. "रिस्क कशाला?"

नारळी पौर्णिमेला पावसानं उघडीप दिली होती. वरळी कोळीवाड्याच्या चिंचोळ्या गल्ल्या पताकांनी भरल्या होत्या, होड्या रंगवून उभ्या होत्या, बायका जरीची लुगडी नेसून दारादारातून बाहेर पडत होत्या. कालिंदी बाबांना घेऊन आली होती. घरी तिनं एवढंच सांगितलं होतं, की एका पेशंटचं वाजवणं ऐकायला जायचंय.

मिरवणूक वळणावर आली. सोन्याचा नारळ, त्यामागे बँड, आणि बँडच्या पुढे निळ्या कोटातला उत्तम. कालिंदीला गाणं ऐकूच येत नव्हतं. तिला फक्त तो दात दिसत होता, आणि त्यावर टेकलेली काळी क्लॅरिनेट. उत्तमनं सूर वर नेला. आणखी वर. मे महिन्यात गाण्यातली हीच जागा होती, इथंच कॅप फुटली होती... कालिंदीनं बाबांचा हात घट्ट धरला. सूर वर गेला, तिथं थांबला, लांबला, गल्लीभर पसरला, आणि सगळा कोळीवाडा नाचायला लागला.

दगडू मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि उत्तमच्या डोक्यावर ठेवली.

कालिंदीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. रामचंद्र परबांनी लेकीकडे पाहिलं, मग पुढच्या निळ्या कोटाकडे.

"हाच ना तो? ज्याचा तू दात पाडलास?"

"हो बाबा."

"हं," बाबा म्हणाले. मग जरा वेळानं, "वाजवतो छान." आणि हात सोडवून न घेता तसेच उभे राहिले.

होड्या समुद्रावर जायला लागल्या. चार-सहा दिवसांनी गुणवंतीचा निरोप आला, डॉक्टरीणबाईला जेवायला बोलावलंय. कालिंदी गेली. खोली छोटी होती, खिडकीतून वारा आत येत होता, जाळी भिंतीला टांगलेली. पानं मांडली होती. मधोमध तांबड्यालाल रश्शात चिंबोऱ्या.

"मावशी, माझा श्रावण आहे," कालिंदी ओशाळून म्हणाली.

"ठाऊक हाय मना. तुला वालाची भाजी केलीय आन् नारळाची करंजी. तू ते जेव. पोराचा तेवढा श्रावण नाय."

उत्तमनं ताटातली मोठी नांगी उचलली. तोंडाशी नेली, आणि ती तोंडात जाण्याआधीच कालिंदीनं त्याच्या हातातून काढून घेतली. बाजूला पाटा होता, वरवंटा होता. तिनं नांगी पाट्यावर ठेवली, वरवंट्यानं हलकेच ठेचली, कवच सोलून आतला पांढरा गर काढला आणि त्याच्या ताटात ठेवला. मग दुसरी उचलली. श्रावण पाळणारी परबांची लेक चिंबोरीच्या रश्शानं मनगटापर्यंत माखली होती, आणि तिला त्याचं भानही नव्हतं.

गुणवंती गालावर हात ठेवून बघत होती.

"काय गो बाय," तिनं शेवटी विचारलं. "दाढा शाबूत हायेत ना त्याच्या?"

कालिंदीचा हात थांबला. उत्तमची एकूण एक दाढ तिच्या ओळखीची होती.

"आहेत," ती म्हणाली. "सगळ्या. चांगल्या भक्कम आहेत."

"मग तो फोडंल की दाढेनं. तू कशाला फोडतेस?"

 बाहेर कुणीतरी होडी ओढत होतं, त्याचा आवाज आला आणि गेला. उत्तमनं घास तोंडाशी नेला होता, तो तसाच हातात राहिला. कालिंदीनं वरवंटा खाली ठेवला, माखलेले हात मांडीवर घेतले आणि मान वर करून सरळ गुणवंतीकडे पाहिलं.

"मला फोडून द्यायचीय, मावशी," ती म्हणाली. "रोज..."

 गुणवंतीनं कालिंदीकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि टोपातल्या उरलेल्या सगळ्या नांग्या काढून कालिंदीच्या पाट्यावर ठेवल्या.

"घे मग," ती म्हणाली. "सवय कर."